नीयत आणि हिशेब

वर्गात साम्राज्यवादाचा धडा शिकवत होते. फळ्यावर मी तीन शब्द लिहिले : सय्याह, पादरी, ताजिर. म्हणजे प्रवासी संशोधक, मिशनरी आणि व्यापारी. इंग्रजांचे सैन्य आफ्रिकेत पोहोचण्याआधी हे तिघे तिथे कसे पोहोचले, हे समजावून सांगत होते. ओघात डेव्हिड लिव्हिंग्स्टनचे नाव आले. हा माणूस गुलामांच्या व्यापाराविरुद्ध आयुष्यभर बोलला, लिहिला, जंगलात मरण पावला, आणि त्याने दाखवलेल्या वाटेनेच पुढे इंग्रजांचे राज्य आले, असे मी सांगितले. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "मिस, फिर वो अच्छा आदमी था या बुरा?"

"दोन्ही," असे म्हणून मी वेळ मारून नेली. तास संपला. पण माझे उत्तर माझ्याच मनाला पटले नव्हते. परीक्षेत दोन गुणांचा प्रश्न असता तर ते चालले असते. त्या मुलीने मात्र विचारला होता तो इतिहासाचा प्रश्न नव्हता, नीतीचा होता. एखाद्याची नीयत चांगली असेल आणि त्याच्या कामातून दुसऱ्यांचे वाटोळे झाले, तर त्याला काय म्हणायचे? त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

लिव्हिंग्स्टनचा जन्म १८१३ सालचा, स्कॉटलंडमधल्या ब्लँटायर गावचा. घरची गरिबी. वयाच्या दहाव्या वर्षी तो सूतगिरणीत कामाला लागला. दिवसभर काम आणि रात्री अभ्यास, अशा रीतीने तो डॉक्टर झाला आणि लंडन मिशनरी सोसायटीतर्फे १८४१ मध्ये दक्षिण आफ्रिकेत आला. पुढे त्याने जवळजवळ सगळा मध्य आफ्रिका पायाखाली घातला. गुलामांचे तांडे त्याने डोळ्यांनी पाहिले. मानेत लाकडी बेडी घातलेली माणसे, वाटेत टाकून दिलेली प्रेते, जळालेली गावे. या धंद्याला तोडगा म्हणून त्याने एक विचार मांडला. आफ्रिकेतील लोकांना कापूस पिकवू द्या, नद्यांतून आगबोटी चालवा, प्रामाणिक व्यापार येऊ द्या. मग माणसे विकण्याची कोणाला गरजच उरणार नाही. व्यापार, ख्रिस्ती धर्म आणि सुधारणा या तिन्ही गोष्टी हातात हात घालून जातील, अशी त्याची श्रद्धा होती. डिसेंबर १८५७ मध्ये केंब्रिज येथे त्याने केलेल्या भाषणाने अनेक तरुण भारावून गेले आणि त्यातूनच मध्य आफ्रिकेसाठी विद्यापीठांचे एक नवे मिशन उभे राहिले.

हा माणूस ढोंगी होता असे मला म्हणता येत नाही. त्याने पैसा साठवला नाही. त्याची पत्नी मेरी १८६२ मध्ये झांबेझीच्या काठी शुपांगा येथे तापाने गेली. पण त्याच्या मनात आणखीही एक गोष्ट होती. १८५८ मध्ये केंब्रिजच्या प्राध्यापक सेजविक यांना लिहिलेल्या खासगी पत्रात त्याने कबूल केले होते की, मध्य आफ्रिकेच्या थंड हवेच्या पठारावर इंग्रजांची वसाहत व्हावी अशी आपली आशा आहे. यात आफ्रिकेचेही भले आणि इंग्लंडचेही भले, असे तो मनापासून मानत होता. पण हे भले आहे की नाही, हे तिथल्या लोकांना त्याने कधी विचारले होते का?

आता मगोमेरो या एका ठिकाणाची हकीकत सांगते. हे ठिकाण आजच्या मलावी देशात, शिरे नदीजवळच्या डोंगराळ भागात आहे. जुलै १८६१ मध्ये लिव्हिंग्स्टन आणि बिशप मॅकेन्झी नव्या मिशनसाठी जागा शोधत निघाले असता वाटेत गुलामांचा एक तांडा लागला. त्यांनी पहारेकऱ्यांना पळवून लावले, बेड्या तोडल्या आणि सुटलेल्या माणसांना घेऊन मगोमेरोला मिशन उभारले. या सुटलेल्यांत चुमा नावाचा एक याओ मुलगा होता. त्याचे नाव लक्षात ठेवावे. कामाची सुरुवात माणसे सोडवण्याने झाली, यापेक्षा चांगली सुरुवात कोणती असेल? पण थोड्याच दिवसांत हे मिशनरी बंदुका घेऊन स्थानिक भांडणांत उतरले आणि याओंची गावे जाळली गेली. १८६२ च्या जानेवारीत मॅकेन्झी तापाने वारला आणि पुढे मगोमेरो सोडावे लागले.

त्याहून कडू गोष्ट लिव्हिंग्स्टनला स्वतःच कळली. शिरे नदीची जी वाट त्याने शोधून काढली, त्याच वाटेने पोर्तुगीज हद्दीतले गुलामधंदेवाले वर चढू लागले. त्यांतले काही तर आपण त्याचीच माणसे आहोत असे सांगून गावात शिरत. वाट शोधणाऱ्याचा हेतू वाटेला चिकटून राहत नाही. तिच्यावरून पुढे कोण चालेल हे त्याच्या हातात नसते.

इथे आपल्या मुलखाचाही संबंध येतो. १८६४ मध्ये लिव्हिंग्स्टन आपली 'लेडी न्यासा' ही छोटी आगबोट स्वतः चालवत झांजिबारहून मुंबईला आला. बोटीवर चुमा होता आणि शुपांगाचा अब्दुल्ला सुसी होता. चुमाला मुंबईत डॉ. विल्सन यांच्या शाळेत ठेवले, सुसीने गोदीत काम केले. पुढे नाशिकजवळच्या शरणपूर मिशनमधले काही आफ्रिकी तरुणही लिव्हिंग्स्टनच्या अखेरच्या सफरीत सामील झाले. समुद्रात पकडलेल्या गुलामांच्या जहाजांतून सुटका झालेली ही मुले शरणपूरला शिकलेली होती. आज नाशिकच्या शरणपूर रोडवरून जाताना किती जणांना हे ठाऊक असेल?

आणि इथेच आपण स्वतःलाही आरशात पाहिले पाहिजे. हे गुलामांचे तांडे कोणाचे होते? किनाऱ्याकडच्या व्यापारातले बरेचसे अरब आणि स्वाहिली मुसलमानांचे. झांजिबारचा बाजार मुसलमान सुलतानाच्या राज्यात भरत होता, आणि त्या बेटाच्या व्यापाराला भांडवल पुरवणाऱ्यांत कच्छचे भाटिया, खोजा, बोहरा असे आपले हिंदी व्यापारीही होते. टिप्पू टिप या नावाने प्रसिद्ध असलेला हमद बिन मुहम्मद हस्तिदंत आणि गुलाम यांचा मोठा व्यापारी. त्याने लिव्हिंग्स्टनला मदतही केली. जुलै १८७१ मध्ये न्यांग्वे येथे भर बाजारात किनाऱ्याकडून आलेल्या व्यापाऱ्यांच्या माणसांनी गोळ्या झाडल्या. त्यात मेलेल्यांत बाजाराला आलेल्या बायका पुष्कळ होत्या. लिव्हिंग्स्टनने ते समोर पाहिले. ज्या धर्माने गुलाम आजाद करणे हे मोठे पुण्य मानले, ज्या धर्मात हजरत बिलाल यांनी पहिली अजान दिली, त्या धर्माचे नाव घेणारे हे लोक होते. साम्राज्यवादावर बोलताना हे पान आपण फाडून टाकू लागलो, तर आपलाही न्याय एकतर्फी होईल. गुलामगिरी खरी होती आणि तिच्याविरुद्धचा संतापही खरा होता. त्या खऱ्या संतापाचा पुढे वापर झाला, हाच तर प्रश्न आहे.

त्याचा नमुना म्हणजे बार्टल फ्रिअर. १८६२ ते १८६७ पर्यंत हे मुंबईचे गव्हर्नर होते आणि लिव्हिंग्स्टनचे चाहते. १८७३ मध्ये ते इंग्लंड सरकारचे दूत म्हणून झांजिबारला गेले आणि इंग्रज आरमाराच्या धाकाने त्याच वर्षी सुलतान बरगश यांना गुलामांचा बाजार बंद करावा लागला. चांगली गोष्ट झाली. पण पाच-सहाच वर्षांनी, १८७८-७९ मध्ये, हेच फ्रिअर दक्षिण आफ्रिकेत उच्चायुक्त असताना त्यांनी झुलू राजा सेत्श्वायोला मान्य करता येणारच नाहीत अशा अटी घातल्या आणि युद्ध लादले. दोन्ही वेळेला भाषा सुधारणेचीच होती.

मिशनरींच्या बाबतीत आणखी एक उदाहरण मला फार बोलके वाटते. लिव्हिंग्स्टनचे सासरे रॉबर्ट मॉफट यांनी कुरुमान येथे राहून त्स्वाना भाषेत बायबल आणले. एन्डेबेले लोकांचा राजा म्झिलिकाझी याच्याशी १८२९ पासून त्यांची मैत्री होती. त्या मैत्रीपोटी राजाने १८५९ मध्ये आपल्या मुलखात मिशनला जागा दिली. पुढची तीस वर्षे तिथे ख्रिस्ती झालेले लोक जवळजवळ नव्हतेच, पण विश्वास मात्र जमा होत गेला. हे लोक आपली भाषा जाणतात, आजारपणात औषध देतात, खोटे बोलत नाहीत, असा तो विश्वास. म्झिलिकाझीचा मुलगा लोबेन्गुला गादीवर आला. ऑक्टोबर १८८८ मध्ये सेसिल ऱ्होड्सची माणसे त्याच्याकडे खनिजांच्या हक्कासाठी आली. मोबदला म्हणून दरमहा शंभर पौंड, एक हजार रायफली आणि एक लाख काडतुसे देऊ केली. राजाला वाचता येत नव्हते. दुभाषा म्हणून लंडन मिशनरी सोसायटीचे चार्ल्स हेल्म बसले. दहापेक्षा जास्त गोरे खणायला येणार नाहीत, असे तोंडी आश्वासन राजाला मिळाले. कागदावर ते कुठेच नव्हते. कागदावर होता साऱ्या राज्यातल्या धातूंवरचा संपूर्ण हक्क.

राजाच्या लक्षात आले तेव्हा उशीर झाला होता. त्याने लंडनला राणीकडे आपली दोन माणसे पाठवली, करार नाकारला. १८८९ मध्ये ऱ्होड्सच्या कंपनीला राणीची सनद मिळाली, १८९० मध्ये कंपनीचे लोक शेजारच्या माशोनालँडमध्ये शिरले, १८९३ मध्ये मॅक्सिम तोफांनी लोबेन्गुलाचे राज्य संपवले. सरकारला यात सोय होती. खर्च कंपनीचा, मुलूख साम्राज्याचा. संशोधक नकाशा देतो, मिशनरी भाषा आणि भरवसा देतो, व्यापारी करार आणतो, आणि शेवटी निशाण उभारायला सरकार येते. लोबेन्गुलाने अंगठा ऱ्होड्सच्या शब्दावर दिला नव्हता. तीस वर्षे जो विश्वास साठला होता त्याच्या जोरावर दिला होता. आपल्या भाषेत सांगायचे तर ती अमानत होती, आणि तिच्यात खयानत झाली.

मगोमेरोचे पुढे काय झाले तेही पाहू. लिव्हिंग्स्टनच्या नावाने मिशने आली, मिशनांच्या मागोमाग व्यापारी कंपनी आली, १८९१ पर्यंत तो मुलूख इंग्रजांच्या संरक्षणाखाली गेला आणि झोपडीकर बसला. लिव्हिंग्स्टनचा जावई अलेक्झांडर लो ब्रूस याने तिथे दीड लाखाहून अधिक एकर जमीन मिळवली. ती पुढे त्याच्या मुलांकडे, म्हणजे लिव्हिंग्स्टनच्या नातवांकडे आली. या मळ्याचे नाव मगोमेरो. जिथे १८६१ मध्ये सुटलेले गुलाम वसवले होते, त्याच परिसरात आता कापूस आणि तंबाखू पिकत होता, आणि तिथे राहणाऱ्या कुटुंबांना भाड्यापोटी मळ्यावर राबावे लागत होते. या सक्तीला शब्द होता 'थंगाटा'. मूळ भाषेत त्याचा अर्थ मदत, शेजाऱ्याने शेजाऱ्याला केलेली मदत! जॉन चिलेम्ब्वे या आफ्रिकी पाद्रीने आपल्या लोकांसाठी मळ्यावर बांधलेली प्रार्थनाघरे मळेवाल्यांनी जाळली. जानेवारी १९१५ मध्ये चिलेम्ब्वेच्या माणसांनी उठाव केला. मळ्याचा व्यवस्थापक मारला गेला. त्याचेही आडनाव लिव्हिंग्स्टनच होते. उठाव काही दिवसांत मोडला आणि चिलेम्ब्वे गोळीला बळी पडला. आज मलावीच्या नोटांवर त्याचे चित्र आहे.

बेड्या तोडणारा आजोबा आणि वेठबिगार घेणारा नातू, मध्ये फक्त अर्धशतक. आजोबाला हे दिसले असते तर? कदाचित त्याचे काळीज फाटले असते. पण कापूस, व्यापार आणि गोऱ्यांची वसाहत या तिन्ही गोष्टी त्यानेच मागितल्या होत्या.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येते. याची दोन सोपी उत्तरे आहेत. एक, हे सगळे लबाड होते, धर्म आणि दया हे नुसते सोंग होते. दुसरे, त्यांची नीयत चांगली होती, वाईट जे झाले ते नंतरच्या लोकांनी केले. पहिले उत्तर आपल्याला रागाच्या भरात आवडते, दुसरे इंग्रजांना आवडत आले. मला दोन्ही खोटी वाटतात.

आपल्याकडे नीयतीला फार मोठे स्थान आहे. सहीह बुखारीचा आरंभच नीयतीच्या हदीसने होतो. पण नीयत जाणणारा एक अल्लाह आहे, आणि तिचा हिशेब बंदा आणि अल्लाह यांच्यामधला आहे. माणसांचे माणसांवर जे हक्क आहेत, ज्यांना आपण हुकूकुल इबाद म्हणतो, त्यांचा हिशेब नुसत्या नीयतीवर मिटत नाही. सूरह निसामध्ये चुकून झालेल्या हत्येविषयी आदेश आहे. मारणाऱ्याची नीयत खुनाची नव्हती, म्हणून त्याच्यावर किसास नाही. पण म्हणून तो मोकळाही सुटत नाही. त्याने मृताच्या वारसांना दियत द्यायची आणि एक गुलाम आजाद करायचा. दियत माफ करण्याचा अधिकार वारसांना आहे. मारणाऱ्याने स्वतःच स्वतःला माफ करून टाकावे, अशी सोय तिथे ठेवलेली नाही.

या एका आदेशात मला माझे उत्तर सापडले. चांगल्या नीयतीमुळे माणूस खुनी ठरत नाही, पण देणेकरी राहतोच. लिव्हिंग्स्टनला दुष्ट म्हणण्याची गरज नाही. पण त्याच्या कामाचे देणे कोणाचे, हे ठरवण्याचा हक्क त्याचे पुतळे उभारणाऱ्यांना नाही. तो मगोमेरोच्या लोकांना आहे.

मग चांगली नीयत बिघडते कुठे? माझ्या मते, ज्याचे भले करायचे त्याला न विचारता त्याचे भले ठरवले जाते, तिथे. बर्लिनमध्ये १८८४-८५ च्या हिवाळ्यात आफ्रिकेच्या वाटणीचे नियम ठरले. त्या परिषदेच्या ठरावातही आफ्रिकी लोकांच्या कल्याणाची आणि गुलामगिरी मोडण्याची भाषा होती. टेबलाभोवती आफ्रिकी माणूस मात्र एकही नव्हता.

आणि दुसरी वाट नव्हती असेही नाही. १८९५ मध्ये खामा, सेबेले आणि बाथोएन हे तीन त्स्वाना राजे लंडनला गेले. आपला मुलूख ऱ्होड्सच्या कंपनीच्या ताब्यात देऊ नये, हे त्यांना स्वतः सांगायचे होते. त्यांच्याबरोबर दुभाषा म्हणून गेले विलोबी. हेही लंडन मिशनरी सोसायटीचेच. गावोगावच्या चर्चमधून राजे बोलले, विलोबींनी ते इंग्रजीत सांगितले. रेल्वेसाठी जमिनीची एक पट्टी त्यांना सोडावी लागली, पण मुलूख कंपनीकडे गेला नाही. तोच पुढे १९६६ मध्ये बोत्स्वाना म्हणून स्वतंत्र झाला. एकाच संस्थेचे दोन पाद्री, दोघेही दुभाषे. एकाच्या तोंडून ऱ्होड्सचे म्हणणे राजापर्यंत गेले, दुसऱ्याच्या तोंडून राजांचे म्हणणे लंडनपर्यंत. नातालचे बिशप कोलेन्सो हेही फ्रिअरच्या झुलू युद्धाविरुद्ध उभे राहिले आणि आपल्याच लोकांचा रोष त्यांनी ओढवून घेतला. त्या काळात असेच चालायचे, ही सबब म्हणून पुरत नाही. त्याच काळात दुसरे काही करणारी माणसे होती.

शेवटी सुसी आणि चुमाविषयी. मे १८७३ मध्ये चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन वारला. जवळ त्याच्या देशाचे कोणी नव्हते. त्याच्या माणसांनी त्याचे काळीज तिथल्या झाडाखाली पुरले, शरणपूरला शिकलेल्या जेकब वेनराइटने प्रार्थना म्हटली, आणि मग शरीर मिठात वाळवून, कापडात आणि सालीत गुंडाळून, हजारांहून अधिक मैल चालत ते किनाऱ्याकडे निघाले. वाटेत एका इंग्रज अधिकाऱ्याने इथेच पुरून टाका, असे सुचवले. त्यांनी ऐकले नाही. फेब्रुवारी १८७४ मध्ये ते बागामोयोला पोहोचले. तिथे इंग्रजांनी मृतदेह ताब्यात घेतला आणि पगार देऊन त्यांना निरोप दिला. १८ एप्रिलला वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झाले, तेव्हा जेकब हजर होता. सुसी आणि चुमा इंग्लंडला पोहोचले ते नंतर, लिव्हिंग्स्टनच्या एका मित्राच्या खर्चाने. त्याच्या शेवटच्या डायऱ्या पुस्तकरूपाने छापताना त्यांच्या आठवणींचा आधार घेतला गेला. पुस्तकावर नाव मात्र त्यांचे नाही. या माणसांना कुणी विचारले नव्हते, कुणी हुकूम दिला नव्हता. मेलेल्याचा हक्क त्यांनी स्वतःच्या अकलेने ठरवला आणि पुरा केला. या लोकांना आपले भले कळत नाही असे मानणारे एक अख्खे साम्राज्य त्यांच्यामागून येत होते!

हे लिहिताना मला माझी एक जुनी विद्यार्थिनी आठवते. हुशार होती. सातवीनंतर तिला आमच्या उर्दू शाळेतून काढून इंग्रजी शाळेत घाला, असे मीच तिच्या अब्बांना समजावले. तिच्या भल्यासाठीच. ती तिथे रमली नाही, नववीत शाळा सुटली. पुढे एका लग्नात भेटली. मी तिला म्हटले, तुझे चांगले व्हावे म्हणूनच मी ते सांगितले होते गं. ती हसून म्हणाली, "हाँ मिस, मालूम है. पर मुझसे तो किसी ने पूछा ही नहीं."

तिने मला माफ केले की नाही, हे मी तिला विचारले नाही. विचारायला हवे होते. शिक्षक, समाजसुधारक, जमातीचे पुढारी, आपण सगळेच रोज कुणाचे तरी भले करायला निघालेलो असतो. आपल्या हातात सनद नाही, तोफा नाहीत, म्हणून आपले नुकसान लहान दिसते, एवढेच.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात त्या मुलीला उभे केले आणि सांगितले, काल मी तुला चुकीचे उत्तर दिले. तो माणूस मनाने चांगला असेल, ते अल्लाह जाणे. पण त्याचे देणे अजून फिटलेले नाही. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग तिने विचारले, "मिस, किसको देना है?" तेव्हा मी फळ्यावरचा आफ्रिकेचा नकाशा पुसला नाही. त्यावर मगोमेरो कुठे आहे, ते तिला दाखवले.